चपलेचा नंबर

मी अमरावतीला ज्या रस्त्याने ऑफिसात जाते, त्या रस्त्यावर बी-बियाण्याचं एक दुकान आहे. वर्षभर तिथे एखाददुसरा माणूस मालकाशी गप्पा मारताना दिसतो. मे संपत आला, मृग जवळ आला, की मात्र सकाळी शटर उघडायच्या आधीच दुकानासमोर चपलांची रांग लागते. टाचेकडून झिजलेल्या, अंगठ्याजवळ तारेने बांधलेल्या, मध्येच एखादी लग्नात घेतलेली चमकीची. आणि या चपलांचे मालक समोरच्या कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसलेले. पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या एका मॅडमनी परवा मला घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारलं, "अहो, एवढी माणसं अनवाणी कुठे गेली?" मी इतकी हसले की त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांना काय सांगायचं? माणसं कुठेही गेलेली नाहीत, ती रांगेतच आहेत. आमच्याकडे चप्पल ठेवली म्हणजे माणूस उभा राहिला. बेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात चार-पाच तास उभं राहायचं तर रांगेत माणूस पडेल. चप्पल पडत नाही. मागच्याने पुढच्याची चप्पल सांभाळायची, रांग सरकली की तीही सरकवायची. याचा कुठे कागद नाही, शिक्का नाही, तरी हा कायदा मी तेल्हाऱ्यात पाहिला, पातूरला पाहिला आणि परतवाड्यालाही पाहिला. चपलांची ती रांग दिसली की माझी गाडी आपोआप हळू होते आणि मला मोठीमाय आठवते.

मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू. नाव गुंफाबाई, पण घरात मोठीमाय आणि गावात गुंफामाय. काळीसावळी, उंच, आवाज असा की आमच्या गल्लीतून हाक मारली तर नाल्यापलीकडची म्हैस मान वर करायची. शाळा तिसरीपर्यंत. आकडे मात्र असे पक्के, की बाजारातला तराजूवाला तिला पाहून सरळ बसायचा. माझी आई अंगणवाडीत जायची, त्यामुळे मी तिच्याच पदराला धरून वाढले, आणि तिच्याबरोबर तिच्या रांगांमध्ये वाढले.

किती रांगा होत्या त्या! आमचं गाव तेल्हाऱ्याजवळ, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी इतकं खारट की डाळ शिजायची नाही, म्हणून टँकरची रांग. मग रॉकेलची, रेशनची, दवाखान्याची. आणि मेच्या शेवटी सरकीची, म्हणजे कपाशीच्या बियाण्याची. ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता, आणि गावातल्या पुरुषांच्या चेहऱ्यावर एक चिडकी शांतता पसरलेली असायची. साधं 'जेवता का' विचारलं तरी अंगावर यायचे. ज्या बियाण्याचं नाव निघालं, त्यासाठी सगळे एकदम धावायचे आणि ते नेमकं कमी पडायचं. बायांची रांग वेगळी आणि ती भराभर सरकते, हे कळल्यावर घरोघरच्या बाया दुकानासमोर उभ्या झाल्या. त्या रांगेची पुढारी मोठीमाय झाली. तिला कोणी नेमलं नव्हतं.

तिची एक पद्धत होती. चप्पल ठेवतानाच ती प्रत्येकीला तिचा नंबर मोठ्याने सांगायची आणि परत म्हणवून घ्यायची. पुढे मध्येच कोणी घुसलं, तर ती त्या बाईकडे बघायचीसुद्धा नाही. भांडण नाही, शिवी नाही, ओढाताण नाही. ती फक्त सुरुवातीपासून हजेरी घ्यायची. "एक!" म्हणून ती ओरडली की पहिली बाई "एक" म्हणायची, दुसरी "दोन", आणि आवाज रांगेतून चालत चालत त्या घुसलेल्या बाईपर्यंत येऊन थांबायचा. तिच्याकडे आकडा नसायचा. पन्नास बाया गप्प. त्या शांततेत कोणी फार वेळ उभं राहू शकत नसे. मी एका तलाठ्याच्या मेव्हणीला पदर सावरत, घसा खाकरत, जणू काही विसरलंय असं दाखवत मागे जाताना पाहिलं आहे.

दुसरा नियम कडक होता. एकाने लबाडी केली तर त्या घराचा नंबर गेला. एकदा आमच्याच भावकीतल्या बाईच्या नवऱ्याने तिची चप्पल हळूच चार जागा पुढे सरकवली. बाई बिचारी झाडाखाली, तिला पत्ताच नाही. मोठीमायने तिलाच मागे पाठवलं. मी म्हटलं, तिची काय चूक? मोठीमाय म्हणाली, "बी तं एकाच वावरात पेरतीन ना ते दोघं?" मला ते तेव्हा फार कठोर वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

त्या वर्षी बियाण्याच्या एका कंपनीने नवीच टूम काढली. आधी पिशवीवर टोपी मिळायची, कधी भिंतीवरचं घड्याळ. त्या वर्षी मिळाला पास! अकोल्याबाहेर नवीन बगीचा निघाला होता. त्यात पाण्याच्या घसरगुंड्या, उडते घोडे आणि मध्यभागी भलामोठा आकाशपाळणा. एका पासावर आत प्रवेश आणि एका झुल्यात एकदा बसायला मिळणार. पुरुषांनी नाकं मुरडली. "पेरणीच्या तोंडावर झुल्यात बसाचं वय हाय का?" असं मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, म्हणाले. मोठीमाय म्हणाली, "रांगेत आमी उभ्या राह्यलो, पास आमचा. तुमी बसा घरी."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठीमाय त्याआधी कुठल्याही पाळण्यात बसलेली नव्हती. जत्रा तिने पुष्कळ पाहिल्या. पण प्रत्येक जत्रेत पाळण्याखाली चपला, पिशव्या आणि रडणारी लेकरं सांभाळायला एक बाई लागते, आणि ती बाई कायम तीच असायची. जावा वर, नणंदा वर, ही खाली. त्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, आरशात दोनदा पाहिलं आणि मला म्हणाली, "वंदे, आज म्या बसतो. चपला कोनीबी सांभाळो." मी तिला एवढी खूश कधी पाहिली नव्हती.

रशीदभाईंच्या काळीपिवळी जीपमध्ये आम्ही बारा जणी कोंबल्या गेलो. अकरा बाया आणि दहा वर्षांची मी. रशीदभाईंनी निघतानाच बजावलं, "माय, चार बजे निकलेंगे. शाम को बारात की भाडा हाय मेरी, एक मिनिट नै रुकूंगा." सगळ्या "हो हो" म्हणाल्या. रस्ताभर काळी, नांगरून ठेवलेली, तापून भेगाळलेली वावरं. खिडकीतून येणारा वारा म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखा. आणि बायांची गाणी, टाळ्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला. घरी जिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, त्या निर्मलाकाकूने अख्खं लग्नातलं गाणं म्हटलं.

बगीच्याच्या दारातून आत गेल्यावर सगळ्या जागीच थबकल्या. समोर पाणी. नुसतं उंचावरून सांडत होतं, लोक त्यात लोळत होते, आणि ते वाहून कुठे तरी जात होतं. आमच्यातल्या कोणीच पाण्याला हात लावला नाही. मोठीमायने एक थेंब जिभेला लावून पाहिला आणि म्हणाली, "गोड हाय व." एवढंच. मग ती पाळण्याकडे निघाली.

पाळण्यासमोर लोखंडी पाइपांची रांग, डोक्यावर छप्पर नाही. दुपारचे अडीच वाजलेले. माणसं नव्हतीच, कारण पाळणा उन्हाचा बंद होता, तीनला सुरू होणार होता. आमच्या बायांनी काय करावं? सवयीने बारा चपला ओळीने पाइपांमध्ये ठेवल्या, मोठीमायने नंबर वाटले, आणि सगळ्या लिंबाखाली डबे उघडून बसल्या. मोठीमायचा अकरावा, माझा बारावा. कोणाला वाटलंच नाही की आपण काही वेगळं करतोय.

इथे मी जे केलं ते लिहिताना अजून माझे कान गरम होतात. मला भीती वाटली की आपली पाळी येईपर्यंत चार वाजतील. सगळ्या भाकरीवर ठेचा घेत होत्या. मी लघवीला जाते म्हणून उठले, पाइपांखालून शिरले आणि माझी निळी चप्पल शेवटून उचलून तिसऱ्या चपलेच्या मागे ठेवली. परत येऊन मोठीमायच्या मांडीला टेकून भाकरी खाल्ली.

तीन वाजता शहरातलं एक कुटुंब आलं आणि चपला ओलांडून थेट दाराशी जाऊन उभं राहिलं. त्यांच्या दृष्टीने रांग रिकामीच होती. आमच्या दृष्टीने त्यांनी बारा माणसांना तुडवलं होतं! बाया धावल्या. गॉगलवाले गृहस्थ हसून म्हणाले, "चपलांचा कुठं नंबर असतो काय, बाई?" मोठीमाय शांतपणे म्हणाली, "भाऊ, एस्टीत खिडकीतून रुमाल टाकता का नाही तुमी?" ते म्हणाले, "टाकतो." "मंग रुमालाले शीट भेटते, आन् चपलेले नंबर नाही भेटत? रुमालापरीस तं चप्पल वजनदार हाय." त्यांच्याच बायकोला इतकं हसू फुटलं की ते गृहस्थही हसले आणि सगळं कुटुंब गुमान आमच्या मागे येऊन तेराव्या नंबरापासून उभं राहिलं. मला वाटतं, ती बाई त्या क्षणापासून मोठीमायच्याच पार्टीची झाली.

जी ती आपापल्या चपलेत पाय घालून उभी राहिली. मी चौथ्या जागी निर्मलाकाकूच्या पुढे. गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. मागे रांग वाढत गेली, पस्तीस-चाळीस माणसं झाली. आणि तेवढ्यात पाइपांवरून उडी मारून चार पोट्टे मध्ये घुसले. केसांना जेल, गळ्यात साखळ्या. दारावरचा माणूस त्यांना ओळखत असावा, कारण त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. मागून कुरकुर सुरू झाली. मोठीमायने पदर खोचला आणि आवाज दिला, "एक!"

पहिल्या काकूने "एक" म्हटलं. "दोन." "तीन." मग सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पळायला जागा नव्हती. मी पुटपुटले, "चार." आणि त्याच दमात माझ्या मागून निर्मलाकाकूचा खणखणीत आवाज आला, "चार!"

दोन चार झाले. रांग थांबली. मोठीमायने वळून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या निळ्या चपलेकडे. त्या पोट्ट्यांपैकी एक जण खदाखदा हसला. "क्या माय, पहले अपने घर का देखो ना!"

ती काय काय करू शकली असती! 'लेकरू आहे, चुकलं' म्हटलं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं. मला एक धपाटा घालून बाराव्या जागी उभी केली असती तरी भागलं असतं. तिने त्या पोराकडे पाहून मान हलवली. "खरं बोलला तू. आमच्याच घरचं चुकलं." माझं मनगट धरलं आणि ती मला घेऊन रांगेच्या पार शेवटी जाऊन उभी राहिली. चाळीस माणसांच्या मागे, भर उन्हात. ते चालणं मला अजून आठवतं. पाय पोळत नव्हते, तरी पोळत होते.

आणि शेवटून, घाम पुसून, तिने पुन्हा आवाज दिला. "एक!"

या वेळी आमच्या बायांच्या मागे गॉगलवाले कुटुंबही आकडे म्हणू लागलं. मग त्यांच्या मागचे कोणी हिंदीत, कोणी मराठीत. आकडा त्या चौघांपर्यंत आला आणि थांबला. चाळीस माणसं गप्प. पाळण्याच्या मोटरचा घुर्र आवाज तेवढा येत होता. मघाशी हसलेला पोरगा आधी निघाला, मग बाकीचे तिघे. ते चालत चालत आले आणि मोठीमायच्या मागे उभे राहिले. त्याने खाली बघत म्हटलं, "सॉरी, माय." मोठीमाय म्हणाली, "रांगेत उभं राह्याले सॉरी नाही लागत, बाबा."

पुढून हाका सुरू झाल्या. निर्मलाकाकू, गॉगलवाल्यांची बायको, सगळ्याच. "या ना समोर, गुंफामाय, तुमचा नंबर होता!" मोठीमाय हात हलवून म्हणाली, "आता आली तं मंघाचं सारंच खोटं होते, बाई." पाळणा भरायचा, फिरायचा, रिकामा व्हायचा. दहा जणींचं वर जाणं, किंचाळणं, पदर धरून हसणं आम्ही खालून पाहिलं. आमच्या पुढे सहा माणसं उरली असताना रशीदभाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांब. मोठीमायने पाळण्याकडे पाहिलं, हातातल्या पासाची घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मला म्हणाली, "चाल."

येताना गाडीत मी तोंड लपवून रडत होते. बोलणी बसतील, निदान रागाने हात झटकेल, असं वाटत होतं. वावरं मागे पळत होती आणि ती बाहेर पाहत होती. बऱ्याच वेळाने माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "घुसाव वाटतेच, वंदे. मलेही वाटते. रोज वाटते."

ते वाक्य कळायला मला बरीच वर्षं लागली. ज्या वर्षांत आमच्या भागातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपली पाळी कधीच येणार नाही, आपण दाराशी पोचलो की नेमका माल संपतो, मदतीच्या यादीतली आपली नावं खाली सरकतात आणि कोणाची तरी वर चढतात, त्या वर्षांत ही बाई उन्हात उभी राहून आकडे म्हणवून घेत होती. तिच्या हातात ना भाव होता ना पाऊस. रांग तेवढी तिच्या हातात होती, ती तिने वाकडी होऊ दिली नाही. मी पुढे मोठी पुस्तकं वाचली, मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. तिच्याइतका आदर मला कोणाबद्दल वाटला नाही, हे मी सरळच सांगते.

या मेमध्ये मोठीमाय डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली होती. आता सत्तरीला टेकली आहे, कमरेत वाकली आहे, आवाज मात्र जिथल्या तिथे. डोळ्याची पट्टी निघाली, डॉक्टरांनी 'आता फिरायला हरकत नाही' म्हटलं, तेव्हा मी तिला तिचं हिरवं लुगडं नेसवून शहराबाहेरच्या नव्या बगीच्यात घेऊन गेले. इथेही आकाशपाळणा आहे. काहीही करून मला तिला एकदा त्यात बसवायचंच होतं. साध्या रांगेत शंभरेक माणसं. शेजारी दुसरी रांग, जास्तीच्या तिकिटाची, तिथे जेमतेम पाच. मी तिला बाकावर बसवलं, गुपचूप ते महागाचं तिकीट काढलं आणि तिचा हात धरून आखूड रांगेत आणून उभी केली.

तिने नव्या डोळ्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "वंदे, हे रांग इतकी लहान काहून?"

मी सांगितलं. "रीतसर आहे, मोठीमाय. तिकीट काढलंय. आपण काही मध्ये घुसत नाही."

तिने पलीकडच्या रांगेतल्या, लेकरं कडेवर घेतलेल्या बायांकडे पाहिलं. "थ्या कवाच्या उभ्या हायेत?"

ती माझ्याकडे पाहून हसली. तेच हसू, ज्याची मी त्या गाडीत वाट पाहिली होती आणि जे तेव्हा आलं नव्हतं. "घराचा नंबर गेला पोरी," म्हणाली, आणि काठी टेकत शंभर माणसांच्या शेवटी निघाली. मी मागोमाग.

तिथे पोचल्यावर तिने चपला काढल्या, ओळीत नीट जोडून ठेवल्या आणि बाजूच्या झाडाच्या पारावर जाऊन बसली. मला धसका बसला. आता कोण हसणार, कोण लाथेने उडवणार? आमच्या मागे जीन्स घातलेली, कानात वायरी खुपसलेली एक मुलगी आली. तिने चपला पाहिल्या, पारावरची म्हातारी पाहिली, आणि कानातली एक वायर काढली. "आजीच्या हायेत का?" मी मान हलवली. रांग सरकली तशी ती मुलगी खाली वाकली आणि दोन्ही चपला हाताने उचलून पुढे ठेवल्या. पुढचा पाऊण तास ती तेच करत होती. मला तिला विचारायचं होतं, तू कुठली, तेल्हाऱ्याची की दर्यापूरची? विचारलं नाही.

पाळी आली. दारावरच्या माणसाने सांगितलं, चपला खाली काढून ठेवा. एका पाळण्यात दोघीच. मी त्या मुलीला म्हटलं, "तू बस आजीजवळ. मी चपला सांभाळते." मोठीमाय म्हणाली, "तू नाही येत?" मी म्हटलं, "कोणी तरी खाली लागतंच ना." तिने डोळे बारीक करून माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मुलीचा हात धरून बसली.

पाळणा सुटला. हिरवं लुगडं वर गेलं, अजून वर गेलं. मी तिच्या झिजलेल्या चपला छातीशी धरून मान वर करून पाहत राहिले. ऊन डोळ्यांत जात होतं, त्यामुळे पाणी येत होतं, असं मी शेजारच्या बाईला सांगितलं.

ती मुलीच्या खांद्याला धरून उतरली. मी खाली बसून चपला तिच्या पायाशी ठेवल्या आणि विचारलं, "काय दिसलं वरून, मोठीमाय? डोंगर दिसले?"

एकेक पाय सावकाश चपलेत घालत ती म्हणाली, "डोंगराकडं कोन पाह्यते? म्या रांग पाह्यली. लय सरळ होती व."